पाणी मोजणाऱ्या बायका

२०१६ च्या मार्चमध्ये लातूरच्या जिल्हा प्रशासनाने पाण्याच्या टाक्या, टँकर भरण्याच्या जागा आणि सार्वजनिक विहिरींभोवती जमावबंदी लावली. कलम १४४. अशा ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, मुदत ३१ मेपर्यंत. दंगल झाली की हे कलम लागतं एवढंच आम्हाला माहीत होतं. आता ते घागरींच्या रांगेला लागलं होतं, आणि त्यात अतिशयोक्ती काही नव्हती. टँकर आला की खरोखर मारामाऱ्या होत होत्या. आमच्या गल्लीत एका बाईचं कपाळ हंड्याच्या काठाने फुटलं. मांजरा धरणात काही उरलं नव्हतं. महिन्यातून एकदा नळाला पाणी येईल की नाही, याचीही खात्री नव्हती.

मी लातूरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. दोन्ही गावं मराठवाड्याची, पण स्वभाव वेगळा. नांदेडला गोदावरी आहे, म्हणून माहेरी पाणी सांडायची सवय. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं, "भांडे घासलेलं पानी फेकायचं न्हाई, झाडाला घालायचं." २०१६ पर्यंत झाडालाही घालायला उरलं नव्हतं. ते पाणी संडासात जायचं.

त्या उन्हाळ्याचं सगळ्यांना आठवतं ते पाण्याच्या रेल्वेचं चित्र. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून 'जलदूत' लातूर स्टेशनात आली. दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी, जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवरून आलेलं. स्टेशनवर ही गर्दी. हार, घोषणा, आणि फलक कुणाचा मोठा यावरून कुरबुरी. मी शाळेत नववीच्या मुलांना फळ्यावर गणित घातलं : २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार, पाणी ५ लाख लिटर, तर माणशी किती? उत्तर सव्वा लिटरच्या थोडं वर आलं. आठवड्याभराने पन्नास टाक्यांची गाडी आली, २५ लाख लिटरची. मुलांनी पुन्हा भागाकार केला, साडेसहा लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे, तोही मी बाजूला लिहिला. मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, "मॅडम, मग बाकीचं पाणी कुठून येतंय?"

बाकीचं येत होतं टँकरने आणि बोअरने. धरणाखालच्या बंधाऱ्यांच्या डोहांत चर खणून जे हाती लागत होतं, तेही होतं. रेल्वेने लातूरला आधार दिला यात शंका नाही. ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या आणि ज्या घरात विकतचा टँकर परवडत नव्हता तिथे ते पाणी पोचलं. मिरजेच्या लोकांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्या पोराच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला देता आलं नाही, आणि आमच्या कॉलनीतलं पुढचं सगळं काम त्या प्रश्नातून सुरू झालं.

त्याच एप्रिलमध्ये शहराने आणखी एक गोष्ट केली. डॉक्टर, व्यापारी, वकील, साखर उद्योगातली मंडळी, संघाची जनकल्याण समिती, आर्ट ऑफ लिव्हिंगचे कार्यकर्ते असे एरवी एका व्यासपीठावर न येणारे लोक एकत्र आले आणि 'जलयुक्त लातूर'ची चळवळ उभी राहिली. ठरलं असं, की साई ते नागझरी या बंधाऱ्यांदरम्यानचं मांजरा नदीचं अठरा किलोमीटर पात्र लोकवर्गणीतून रुंद आणि खोल करायचं. खर्च कोट्यवधींचा. सरकारची वाट पाहायची नाही. ज्येष्ठ डॉक्टर अशोक कुकडे यांच्यासारखी माणसं पुढे होती. कुकडे काकांना पुढे २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. लातूरकर मात्र विवेकानंद रुग्णालयामुळे त्यांना आधीपासून ओळखत होते.

आमच्या कॉलनीतून वर्गणी गोळा करायचं काम आम्हा बायकांकडे आलं. पावतीपुस्तक घेऊन आम्ही दारोदार फिरलो. मागायला गेल्यावर दार लावून घेतील असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. धुणीभांडी करणाऱ्या मावशीने पदराच्या गाठीतून पन्नास रुपये काढले. पेन्शनवर जगणाऱ्या एका आजोबांनी एका महिन्याचं अख्खं पेन्शन दिलं आणि पावतीवर नाव घालू नका म्हणाले. शाळेतल्या मुलांनी वाढदिवसाचे पैसे आणून दिले. जातपात, पक्ष, मोहल्ला असं काही त्या दिवसांत आडवं आलं नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लातूरचा माणूस स्वार्थी झालाय असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

नदीवर आम्ही गेलो तेव्हा दुपारचं ऊन मी म्हणत होतं. पात्रात पोकलेन, हायवा, ट्रॅक्टर आणि उठलेला धुरळा. गाळ न्यायला शेतकऱ्यांची रांग लागलेली. काळा, चिकट, तुपासारखा गाळ. एक म्हातारा शेतकरी मूठभर हातात घेऊन वास घेत होता. म्हणाला, "ताई, ही माझ्याच रानातली माती हाय. पावसानं हितं आनून टाकली." त्याच्या म्हणण्यात नदीच्या दुखण्याचं मूळ आलं होतं. वरच्या शिवारातली माती वाहून खाली येते, पात्र भरतं, पात्र उपसायचं, माती पुन्हा येते.

आमच्यात एक निवृत्त ओव्हरसियर काका होते, पाटबंधारे खात्यात हयात घालवलेले. त्यांनी वर्गणी दिली, कामावर देखरेखही केली, पण रोज संध्याकाळी एकच मुद्दा मांडायचे. पात्र खोल केलं तर पाणी साठेल, हे खरं. पण पाणलोटात बांधबंदिस्ती झाली नाही, तर काही वर्षांत पुन्हा गाळ. आणि साठलेलं पाणी कोण उपसणार, किती उपसणार, याचा नियम कुठे आहे? लोकांना हे ऐकायला आवडायचं नाही. चांगलं काम चाललंय, त्यात खोडा कशाला, असं त्यांना वाटायचं. मला काकांचं पटायचं. तरीही नदीचं काम करायलाच हवं होतं असं मी आजही म्हणते. तहानलेल्या गावाने हातावर हात धरून बसायचं नसतं, आणि त्या कामाने गावाला स्वतःवरचा विश्वास परत दिला.

त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस दणकून झाला. किती तरी वर्षांनी मांजरा धरण भरलं. खोल केलेल्या पात्रात पाणी उभं राहिलं, लोक सहकुटुंब पाहायला गेले. काठावर नारळ फुटले, ओट्या भरल्या. आणि आमच्या कॉलनीच्या बैठकीला येणारी माणसं दर आठवड्याला कमी होत गेली.

मला लिहायचं आहे ते यानंतरचं. रेल्वेचं आणि नदीचं पुष्कळांनी लिहिलं आहे. पाणी आल्यावर एका कॉलनीतल्या सात-आठ बायका आणि एक निवृत्त काका काय करत बसले, हे कुणी लिहिणार नाही.

आम्ही पाणी मोजायला लागलो. सुरुवात साधीच होती. नळाला पाणी आलं की प्रत्येकीने घड्याळ लावून वीस लिटरची बादली भरायची आणि किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. तारीख, पाणी कधी आलं, कधी गेलं, पहिली दहा मिनिटं कसं होतं, वास होता का. पाइपलाइनच्या सुरुवातीच्या घरात बादली मिनिटाच्या आत भरायची. शेवटच्या घरांत तीच बादली चार-पाच मिनिटं घ्यायची, आणि तिथे पाणी यायचंही उशिरा, जायचंही लवकर. एकाच गल्लीत, एकाच पाणीपट्टीत, हा एवढा फरक. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वहिनी वर्षानुवर्षं सांगत होत्या आणि आम्ही सगळे म्हणायचो, यांना तक्रारीची सवयच आहे. वही समोर आल्यावर तो विषय संपला.

वालमन दादा हा आमचा दुसरा गुरू. व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला इथे वालमनच म्हणतात. कंत्राटी माणूस, पगार वेळेवर नाही आणि शिव्या मात्र रोजच्या. त्याच्याकडे कागदाचा नकाशा नव्हता. कुठली लाइन कुठे वळते, कुठे जुनी सिमेंटची आहे, कुठे जोड गळतो, सगळं डोक्यात. त्याला चहाला बसवून आम्ही आमच्या प्रभागाचा नकाशा काढला. तो सांगायचा, मी पट्टीने रेघा मारायचे. "हितं बघा, हितं चार घरांनी टिल्लू लावलेत. त्यांनी मोटार चालू केली की फुडं हवाच जाते." टिल्लू म्हणजे नळाच्या लाइनीला थेट जोडलेली छोटी मोटार. ज्याच्याकडे ती आहे तो शेजाऱ्याचं पाणी ओढतो. पुढे ज्याला मिळत नाही तोही मोटार घेतो. होता होता सगळी गल्ली मोटारी लावते आणि पाणी तेवढंच राहतं.

काकांनी आम्हाला आणखी एक गोष्ट समजावली, जी मी नंतर विज्ञानाच्या शिक्षकांकडूनही पक्की करून घेतली. आठ-दहा दिवसांनी पाणी सोडायची पद्धत असली की मधल्या काळात पाइप रिकामे असतात. त्यावर मोटारींची ओढ. मग जिथे जोड सैल आहे तिथून बाहेरचं गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पहिली दहा मिनिटं पिवळं पाणी येतं ते यामुळे. लहान मुलांना जुलाब होतात, दवाखान्याचं बिल येतं आणि आपण हवामानाला दोष देतो. म्हणजे पाणी किती आहे याइतकाच ते कसं सोडलं जातं हा प्रश्नही जिव्हाळ्याचा आहे, आणि धरण भरल्याने तो सुटत नाही.

मीटरचा विषय काढला की लातूरमध्ये जुनी माणसं आजही चवताळतात, कारण त्याला इतिहास आहे. २००८ च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्याचं व्यवस्थापन एका खासगी कंपनीकडे दिलं गेलं. मीटर बसवायचे, दर वाढवायचे, आधी अधूनमधून येणारं पाणी नंतर रोज द्यायचं, असं ते होतं. लोकांनी कडाडून विरोध केला. मोर्चे निघाले, धरणे आंदोलनं झाली, आणि काही वर्षांत ती व्यवस्था बंद पडली. त्या आंदोलनातलं एक वाक्य गावाच्या तोंडी राहिलं, की पाण्याआधी हवा येते आणि मीटर हवेवरही फिरतं. हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. रिकाम्या पाइपात पाणी शिरताना हवा पुढे ढकलली जाते आणि साधा मीटर तिलाही मोजतो. पाणी माणसाच्या हक्काचं आहे, ते नफ्यासाठी देऊ नये, असं माझंही ठाम मत आहे. पण खासगीकरण हटल्यावर 'मग गळती कोण शोधणार, हिशेब कोण मागणार' हा प्रश्न त्या आंदोलनानेच पुढे न्यायला हवा होता. तो कुणी नेला नाही. २०१६ साली आपण किती पाणी शहरात आणतो आणि त्यातलं किती तोटीपर्यंत पोचतं, हे सांगणारा आकडा मी कुठे कुठे शोधला! माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाला अर्ज केला. उत्तर आलं, मागितलेल्या स्वरूपात माहिती उपलब्ध नाही. अपील केलं. सुनावणीला गेलो तेव्हा समोरचे अधिकारी नम्र होते, चहा विचारला, आणि खरोखरच त्यांच्याकडे आकडा नव्हता.

नांदेडला भावाकडे गेले की हे सगळं सांगायचे. एसटीने चाकूर, अहमदपूर, माळाकोळी, लोहा करत चार तास जायचं. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन, कुठे कुठे गच्च ऊस. भाऊ आधी हसायचा. "तुमच्याकडं पाणी नाही म्हणून तुम्ही मोजता." पण २०१६ च्या उन्हाळ्यात नांदेडला पाणी देणारा विष्णुपुरी प्रकल्पही तळाला गेला होता आणि नांदेडकरांनाही नळाची वाट पाहावी लागली होती. तेव्हापासून तो हसेनासा झाला.

नांदेडचं दुखणं निराळं. तिथे नदी दारात आहे. २००८ साली शिखांच्या गुरुगद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, शहर केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेत होतं, त्यातून पूल झाले, रस्ते झाले, नदीचे घाट झाले. देशभरातून आलेल्या भाविकांनी नांदेडचं कौतुक केलं, आणि ते रास्त होतं. पण शहरातल्या नाल्यांचं सांडपाणी गोदावरीत मिसळतं आणि उन्हाळ्यात जलपर्णीने पात्र हिरवं होतं, हे गोवर्धन घाटावर रोज फिरायला जाणारा कुणीही सांगेल. भाऊ अशाच फिरणाऱ्यांच्या गटात आहे. रविवारी ही मंडळी घाट झाडतात, निर्माल्य गोळा करतात, गणपतीनंतर मूर्तींचे अवशेष काढतात. मीही दोनदा त्यांच्याबरोबर उतरले. पाण्यात पाय घातला की तळव्याला चिकट लागतं.

भावाला मी विचारलं, नाला कुठून येतो ते कुणी पाहिलंय का? बोंढारला सांडपाणी शुद्धीकरणाचं केंद्र आहे. शहराचं किती सांडपाणी तिथे पोचतं आणि किती वाटेतच नदीला मिळतं? तो गप्प बसला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्याच्या गटातले चौघे-पाच जण सकाळी फिरायला घाटावर न जाता एका नाल्याच्या काठाने उलट दिशेला चालायला लागले होते. प्रत्येक रविवारी थोडं थोडं. कुठे कुणाचं गटार जोडलंय, कुठे मोठा पाइप फुटलाय, कुठे पंप बंद आहे, याची वही. वास सहन होत नाही म्हणून दोघे सोडून गेले, बाकीचे टिकले. निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येकाला ते ती वही दाखवतात.

मोजून, लिहून मांडण्याच्या बाबतीत आमच्या वडिलांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ते नांदेडला शिक्षक होते आणि मराठवाडा जनता विकास परिषदेच्या बैठकांना जायचे. गोविंदभाई श्रॉफ यांच्याबद्दल त्यांच्या मनात विलक्षण आदर. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात लढलेला हा माणूस पुढे आयुष्यभर मराठवाड्याच्या रेल्वेचे, पाण्याचे, अनुशेषाचे आकडे घेऊन सरकारशी भांडला. आमच्या घरी जेवणाच्या पाटावरही दांडेकर समितीच्या अहवालाची चर्चा चालायची. सिंचन, रस्ते, शिक्षण यांत कुठला जिल्हा किती मागे आहे हे प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये आकड्यांत मांडलं, आणि 'अनुशेष' ही नुसती घोषणा न राहता मोजता येणारी गोष्ट झाली. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. वडील अहवालाच्या समासात पेन्सिलीने बेरजा तपासायचे. "आकडा चुकला तर मोर्चा वाया जातो," असं म्हणायचे. आमच्या पिढीने मोर्चे पुढे नेले, ती पेन्सिल मात्र मागे ठेवली.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण माझ्या दोन्ही घरांमध्येच घडलं. २००९ च्या जानेवारीत नवं महसुली आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय झाला आणि लातूर पेटलं. बंद, रास्ता रोको, घोषणा. सासरी दिवसभर नांदेडला शिव्या, संध्याकाळी माहेरून फोन आला की तिकडून लातूरला टोमणे. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि आयुक्तालय वर्षानुवर्षं लटकून राहिलं. आमच्या सासरेबुवांनी तर सुनेच्या माहेरचं म्हणून दिवाळीचं आमंत्रण टाळलं. दोन्हीकडचे लोक प्रामाणिक होते. आयुक्तालय गावात आलं तर औरंगाबादचे हेलपाटे वाचतील, ही खरी गरज होती. पण या भांडणात जो जोर लागला, त्याचा निम्मा जरी दोन्ही गावांनी मिळून मांजरा आणि गोदावरीच्या पाण्याच्या हिशेबासाठी लावला असता, तर २०१६ चा उन्हाळा एवढा जीवघेणा झाला नसता असं मला मनापासून वाटतं. मांजरा शेवटी गोदावरीलाच मिळते. दोघींचं खोरं एक आहे.

त्या मानाने नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचं आंदोलन मला फार शिकवून गेलं. गोदावरीवरच्या त्या बंधाऱ्याचा वाद आंध्र प्रदेशाशी होता, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, महाराष्ट्राने २.७४ टीएमसीपर्यंत पाणी वापरायचं. तिकडच्या गावांतला साधा शेतकरीही या तारखा तोंडपाठ सांगतो. पावसाळा संपत आला की दरवाजे पडले का, पाणी किती अडलं, हे तो जाऊन बघतो. निकालाने त्याचं समाधान झालेलं नाही, कारण बहुतेक पावसाळा दरवाजे उघडेच राहतात. पण आपलं भांडण कशाबद्दल आहे हे त्याला तारखेसकट माहीत आहे.

लातूरला आमच्याकडे मोठा प्रश्न उसाचा. तो मांडायला धाडस लागतं, कारण इथे घरटी कुणी तरी कारखान्याशी जोडलेलं आहे. माझ्या दिरांचा ऊस आहे आणि त्यावर पुतण्यांची शिक्षणं झाली, म्हणून मी शेतकऱ्याला दोष देत नाही. हमी असलेलं एकच पीक त्याच्या हातात आहे. दुसऱ्या पिकाला तशी हमी मिळाली तर तो वळेल. पण माधवराव चितळे यांच्या सिंचन आयोगाने १९९९ मध्येच पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यांत उसाला आवर घालायला सांगितलं होतं. २०१९ मध्ये तर मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तालयातूनच ऊसबंदीची शिफारस सरकारकडे गेली. अहवाल येतात, बातमी होते आणि विषय मिटतो. दर निवडणुकीत आम्हाला उजनीचं पाणी देण्याचं आश्वासन मात्र मिळतं. दुसऱ्याच्या धरणाकडे बोट दाखवणं सोपं असतं. मांजराचं पाणी पिण्याला किती, शेतीला किती, उद्योगाला किती, हे कॅलेंडरसारखं गावाच्या भिंतीवर का लागू नये, असं आम्ही एका बैठकीत विचारलं. तेव्हा एका भल्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुम्ही नळापुरतं बोला." तेव्हापासून आम्ही मुद्दाम धरणापर्यंत बोलतो.

आमच्या बायकांच्या गटाचं काय झालं ते सांगते. २०१९ ला पुन्हा टंचाई आली, तेव्हा बैठका पुन्हा भरल्या. पुढे सलग काही वर्षं पाऊस बरा झाला आणि गट पुन्हा रोडावला. पण वही बंद पडली नाही. वहीच्या जोरावर शेवटच्या घरांसाठी वेगळा व्हॉल्व्ह मिळाला. एका रात्री रस्ता खणून काम झालं, वालमन दादा स्वतः उभा होता. टिल्लू मोटारींचा प्रश्न आम्ही कारवाईची मागणी न करता सोडवायचा प्रयत्न केला. घरोघर जाऊन वहीतले आकडे दाखवले. बऱ्याच जणांनी मोटारी काढल्या. काहींनी नाही काढल्या, आणि त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे. शहरात 'ग्रीन लातूर वृक्ष टीम' नावाचा गट २०१९ पासून रोज सकाळी झाडं लावतो, जगवतो, पाणी घालतो. रोज, हा शब्द मला त्यांच्याकडून उचलावासा वाटला.

आता आमचा आग्रह एका कायद्याच्या अंमलबजावणीसाठी आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. जशी गावाला ग्रामसभा, तशी शहरातल्या मतदारांची सभा, जिथे आपल्या भागातली कामं सुचवता येतील आणि झालेल्या कामांचा हिशेब मागता येईल. कागदावर हे आहे. माझ्या ओळखीत क्षेत्रसभेला बसलेला एकही माणूस मला लातूरमध्ये भेटला नाही, नांदेडमध्ये भावालाही नाही. त्यात २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक दिवस कारभार प्रशासकाकडे राहिला. नगरसेवकच नाही तर तक्रार कुणाला सांगायची? त्या काळात कॉलनीतल्या वयस्कर बायका वही घेऊन थेट कार्यालयात जायला शिकल्या. आधी दारात थांबायच्या, मग खुर्चीवर बसायला लागल्या. टोकाच्या घरातल्या वहिनी आता अभियंत्याला विचारतात, "साहेब, आमच्या लाइनीचं प्रेशर किती दाखवतंय?"

मी निवृत्त झाले. तो नववीतला मागच्या बाकावरचा पोरगा स्थापत्य अभियांत्रिकी शिकून आला आणि सध्या आमचा हाताने काढलेला पाइपलाइनचा नकाशा संगणकावर उतरवतोय. भावाच्या गटाने नांदेडचा नाल्यांचा नकाशा त्याच्याकडेच पाठवला आहे. दोन्ही नकाशे एका मापात काढायचे ठरलं आहे, म्हणजे दोन्ही महापालिकांकडे क्षेत्रसभेची मागणी करताना एकाच अर्जासोबत जोडता येतील. अर्जाचा मसुदा तयार आहे. त्यावर सह्या गोळा करायला आम्ही पुन्हा दारोदार फिरतो आहोत, आणि या वेळी आमच्या हातात पावतीपुस्तक नाही, तरी लोक आधी विचारतात, वर्गणी किती? सही करायची आणि सभेला येऊन बसायचं, एवढीच, असं सांगितलं की काही जण विचारात पडतात. पन्नास रुपये देणाऱ्या मावशीने मात्र लगेच विचारलं, "कव्हा हाय सभा? मी दुपारचं काम लवकर उरकते."